कुपवाडच्या टूलरूमवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे.

आमच्या द्राक्षबागेच्या फवारणी नोझलमधली चकती नखाएवढी. मधे गोल पोकळी, तिला तिरक्या खाचा. औषध त्यांतून कडेने शिरतं, गरगर फिरतं आणि पोकळ शंकू होऊन बाहेर पडतं. खाच फक्त ०.५ मिमी. डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत पानामागं औषध कसं पोचतं, त्यात या खाचेचा मोठा वाटा. मला ती बदलून बघायची होती, पण जिथं गेले तिथं आधी साचा आणि हजारोंची ऑर्डर मागितली. तुम्ही मात्र विचारलंत, "नमुना बसतो का ते बघायचंय, की चालतो का ते?"

सगळं काम त्या प्रश्नानं सोपं झालं. बसतो का, यासाठी रेझिन प्रिंट, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या पातळ रेझिनचा थरावर थर देऊन केलेला थ्रीडी नमुना. प्लास्टिकची तार वितळवून थर देणाऱ्या साध्या फिलामेंट प्रिंटरचं तोंडच बहुधा ०.४ मिमीचं, त्यातून एवढी खाच सुबक निघत नाही. रेझिनचा थर ०.०५ मिमीचा लावता येतो. पण खाचेत उरलेलं ओलं रेझिन प्रकाश लागताच तिथंच घट्ट होतं. म्हणून आधी आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धुवायचं, हवा मारायची, मगच क्युअरिंग, म्हणजे प्रकाशात पक्कं करणं. हे तुम्ही शेजारी बसून दाखवलंत. पाचपट मोठा नमुना आकार समजायला चांगला, पण त्यातलं पाणी छोट्या खाचेतल्यासारखं वागत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं.

चालतो का, यासाठी वायरकट, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापणं. स्टेनलेसचे पातळ पत्रे एकावर एक आवळून तुम्ही ०.२५ मिमीच्या पितळी तारेनं एकदम कापलेत, तेही शिफ्ट संपल्यावर थांबून. सगळ्या चकत्या एकसारख्या निघाल्या, त्यामुळे दाब बदलून केलेल्या चाचण्यांवर विश्वास ठेवता आला. पानांमागं लावलेल्या, थेंब पडेल तिथं निळ्या होणाऱ्या पिवळ्या कागदांवर ठिपके आता आधीपेक्षा दाट आणि बारीक पडतात. वडील ते कागद येईल त्याला दाखवतात.

आता खाच आणखी अरुंद हवी आहे. तार आतला कोपरा अगदी टोकदार कापत नाही, म्हणून ड्रॉइंगवर कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या आधीच दिली आहे. या वेळी मशीनच्या वेळेचंही बिल लावा, काका. तरच मला पुढचं काम हक्कानं घेऊन येता येईल.

आपली,
सावळजच्या बागायतदाराची मुलगी