तक्रार: कथासंग्रहातला गहाळ फर्मा आणि आपण परस्पर फोडलेला खुनी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

प्रेम, वासना आणि खून अशा लघुकथांचा आपला संग्रह मी अप्पा बळवंत चौकातून विकत घेतला. तिसरी कथा पान ९६ वर आली आणि पुढचं पान निघालं ८१. म्हणजे सोळा पानी एक फर्मा (एकत्र छापून शिवलेला पानांचा जुडगा) दोनदा शिवलाय आणि ९७ ते ११२ गायब.

कथा कुठे तुटली ते बघा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये नवरा पलंगावर उताणा, मेलेला. बायको साताऱ्याला माहेरी. तिचा प्रियकर रात्री इमारतीखाली घुटमळताना वॉचमनने पाहिलेला, त्यामुळे त्यालाच उचललेलं. आणि निरीक्षकाला दिसतं, की प्रेताचे काळेनिळे डाग पाठीवर नसून छातीवर आहेत. मेल्यावर रक्त खालच्या अंगाला उतरतं, काही तासांनी ते डाग पक्के होतात. म्हणजे माणूस पालथा मेला आणि बऱ्याच वेळाने कुणीतरी त्याला उताणा केला. मग पहाटे घरात होतं कोण? तर पान ८१!

लेखक हुशार आहे. (कथा २०२५ सालची असून निरीक्षक जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ लावतो. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. शिवाजीनगर कोर्टात नोकरी झाल्यामुळे खटकलं, पण तो मुद्दा वेगळा.)

आपल्याला ईमेल केला, त्याचं हे उत्तर: ‘सदर कथेत खून मयताच्या धाकट्या भावाने केला आहे. त्याचे वहिनीवर प्रेम होते. शंकानिरसन झाले असल्यास पाच तारे द्यावेत.’ आणि तक्रार बंद!

अहो, शंका कुणाला होती? मी त्या सोळा पानांचेही पैसे मोजलेत. आता प्रत बदलून द्याल, खुनी कसा बदलून देणार?

तेव्हा तोच संग्रह मला नको. पूर्ण पैसे परत करा किंवा तेवढ्याच किमतीचं दुसरं पुस्तक फर्मे तपासून पाठवा. कुरिअरचा खर्च तुमचा. पंधरा दिवसांत काही झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मला मुंबईला यावं लागणार नाही, तुम्हाला पुण्याला यावं लागेल.

उरलेल्या कथा मी अजून वाचतोय. त्यांच्याविषयी आपल्याकडून कुणीही मला काहीही कळवू नये.

आपला,
एक ग्राहक
सदाशिव पेठ, पुणे