सुध्या, शेवट आधीच फोडून टाक

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

तुझं बाड गुरुवारी मिळालं. दोन रात्री पेन्सिल घेऊन बसलो. ही म्हणाली, कुणाचे पेपर तपासताय? म्हटलं, सुध्याचा आहे आणि काठावर आहे.

पहिल्याच पानावर अडलो. 'रोमिओ आणि ज्युलिएट' करायला घेतलंस आणि सुरुवातीचं निवेदनच उडवलंस? वर समासात लिहितोस, 'शेवट फुटतो म्हणून कट.' अरे बाबा, शेवट फुटावा म्हणूनच तर ते लिहिलंय! चौदा ओळींत शेक्सपिअर सगळं सांगून मोकळा होतो. व्हेरोनातली दोन घराणी, जुनं वैर, त्या घरांतली दोन कमनशिबी पोरं जीव देणार आणि त्यांच्या मरणानंच भांडण मिटणार. एवढं सांगून वर म्हणतो, आता दोन तास हेच बघा.

तू कीर्तनं ऐकत वाढलेला माणूस. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येत नाही हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी बुवा त्याला आत सोडतात तेव्हा चुळबुळ थांबतेच ना? इथंही तेच आहे. शेवट कळला की प्रेक्षकाचं डोकं रहस्यातून मोकळं होतं आणि तो घड्याळ धरून बसतो. मग ही दोघं जितकं गोड बोलतील तितका त्याचा जीव वर-खाली होतो, कारण त्या बोलण्यात किती वेळ चाललाय हे त्याला दिसतं आणि त्यांना दिसत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, तेव्हा पत्र लांबलं तर शिव्या देऊ नकोस.

ही गोष्ट शेक्सपिअरच्या आधीची. आर्थर ब्रुक नावाच्या इंग्रज कवीनं १५६२ साली ती पद्यात लिहिली होती, आणि त्यात सगळा कारभार नऊ महिने चालतो. शेक्सपिअरनं तो रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबला. रविवारी रस्त्यात मारामारी, रात्री मेजवानीत भेट. सोमवारी दुपारी लग्न, आणि तासाभरात नवरदेवाच्या हातून बायकोच्या मावसभावा-मामेभावापैकी कुणीतरी ठार. (टिबॉल्ट हा ज्युलिएटच्या आईच्या भावाचा मुलगा, म्हणजे मामेभाऊच. तुझ्या बाडात तो दोन ठिकाणी 'काका' झालाय, बघ.) मंगळवारी पहाटे ताटातूट. पोरीचं वयही त्यानं सोळावरून चौदाच्या आत आणलं. महिना जुलैचा, अंगाची लाही करणारा. उन्हात माथी भडकतात म्हणून घरी चल, असं एक मित्र दुसऱ्याला सांगत असतो आणि तेवढ्यात टिबॉल्ट येतोच.

आता तुझी खरी तक्रार. वाचनाला प्रेमाचे संवाद आले की पोरं हसतात, म्हणून तू ते निम्म्यावर आणलेस आणि खाली बासरी घातलीस. सुध्या, बासरी काढ. पोरं हसतात कारण नट कविता म्हणतात. तिथं चाललेलं असतं वेगळंच.

मेजवानीतली पहिली भेट घे. रोमिओ तोंड उघडतो त्याच्या अगदी आधीच्या ओळीला टिबॉल्ट दात-ओठ खात बाहेर पडलेला असतो. त्यानं आवाजावरून ओळखलंय की हा शत्रूचा पोरगा. यजमानानं दाबलं म्हणून गप्प बसलाय, पण जाताना सांगून जातो की आज गोड वाटतंय त्याचं उद्या विष होईल. तो विंगेत जातो आणि लगेच रोमिओ तिचा हात धरतो. पुढच्या चौदा ओळी दोघांच्या मिळून आहेत. चार त्याच्या, चार तिच्या, मग एकेक वाटून घेतात आणि चौदाव्या ओळीला पहिलं चुंबन. दोघांनी मिळून जागच्या जागी एक सुनीत, म्हणजे सॉनेट, पुरं केलं. त्यानं टाकलेला शब्द तिनं उचलायचा आणि त्याच्यावरच उलटवायचा. आपल्या फडावरच्या सवाल-जवाबाची आठवण करून दे पोरांना, चटकन समजेल. ती लाजून खाली बघणारी नाही, बरोबरीनं खेळणारी आहे.

तिथं तू यात्रेकरूचा 'वारकरी' केलास. आधी मला फार आवडलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर खटकलं. मुळात ती म्हणते की संतांच्या मूर्तींनाही हात असतात, यात्रेकरू त्या हाताला हात लावतात, तळव्याला तळवा भिडणं हेच त्यांचं चुंबन. वारकरी पायावर डोकं ठेवतो. मग तळव्याचा खेळ गेला, आणि नटाच्या हाताला कामच उरलं नाही. 'यात्रेकरू' ठेव. जड वाटला तरी चालेल.

सज्जाचा प्रवेश. मूळ नाटकात सज्जा हा शब्दच नाही, ती खिडकीत दिसते एवढंच आहे, तेव्हा नेपथ्यावर फार पैसे घालू नकोस. इथं नीट ऐकलंस तर उपमा बहुतेक त्याच्या आणि प्रश्न बहुतेक तिचे. भिंत चढून कसा आलास? आमच्या माणसांनी पाहिलं तर जिवंत सोडणार नाहीत. तो चंद्राची शपथ घ्यायला जातो तर ती म्हणते, चंद्राची नको, तो दर महिन्याला बदलतो. हे सगळं फार घाईचं, विजेसारखं आहे, बघ म्हणेपर्यंत नाहीशी होणारी, हेही तीच बोलते. आणि शेवटी रोकडा सवाल, उद्या किती वाजता माणूस पाठवू? नऊ. प्रेमाच्या जगप्रसिद्ध प्रवेशात वेळ ठरते बघ! मधेमधे आतून दाई हाका मारते. त्या हाका तू कापल्यास. त्या परत घाल, आणि दर वेळी जरा जवळून येऊ दे. मग बघ कोण हसतंय.

रोमिओची भाषा मात्र सुरुवातीला मुद्दाम वाईट ठेव. ज्युलिएटच्या आधी रोझलाइन नावाच्या पोरीसाठी झुरतो तेव्हा तो थंड आग, शिशाचं पीस, आजारी आरोग्य असलं घोकलेलं बोलतो. तेव्हाच्या प्रेमकवितांतला उसना माल. तो माल हसण्यासारखाच आहे, तिथं पोरांना हसू दे. ज्युलिएट भेटल्यावर तो हळूहळू स्वतःचं बोलायला लागतो, आणि ती मेल्याची (खोटी) बातमी येते तेव्हा तर एका ओळीत नक्षत्रांना आव्हान देऊन घोड्यांची चौकशी करतो. उपमा संपल्या की समजायचं माणूस मोठा झाला.

दाईची पाठ दुखते तो प्रवेश तू 'विनोदी, अनावश्यक' म्हणून काढलास. तो गेला तर तिसरा अंक लंगडा होतो. ज्युलिएट निरोपासाठी तडफडतेय, नऊला गेलेली बाई बारा वाजले तरी नाही, आणि आल्यावर आई गं पाठ, आई गं डोकं, तुझी आई कुठाय, असं करत बातमी दाबून धरते. लोक हसतात. पुढच्याच अंकात तीच बाई तशीच धापा टाकत येते, 'मेला, मेला' म्हणते आणि कोण ते सांगत नाही. युक्ती तीच, बाई तीच, पण आता हसण्याची सोय नाही. पहिल्यांदा हसवलेलं असेल तरच दुसऱ्यांदा घसा दाटतो.

आणि त्याच्याच आधी ज्युलिएटचं स्वगत. रात्रीला हाका मारते, लवकर ये, माझ्या रोमिओला घेऊन ये, तो मरेल तेव्हा त्याचे कापून तारे कर. ती हे नव्या नवरीच्या आनंदात म्हणते, आणि थिएटरमधल्या प्रत्येकानं दोन मिनिटांपूर्वी त्याला खून करून पळताना पाहिलेलं असतं. इथं नटीनं रडकी छटा आणली तर सगळं मुसळ केरात. तिला काहीच माहीत नाही. तिला उड्या मारत म्हणू दे. मग दाई येते ती दोरीची शिडी घेऊन, आज रात्री त्यानं वर चढून यायची ती. ती जमिनीवर टाकते. संवाद संपेपर्यंत ती शिडी तशीच पडलेली दिसायला हवी.

आपल्या संगीत नाटकात अशा जागी पद यायचं. वेळ थांबायची, लोक वन्स मोअर घ्यायचे, मृत्यूशय्येवरचा माणूसही पुन्हा गायचा. मला त्याचं प्रेम आहे, तुला माहीतच आहे. पण इथं थांबायची सोयच ठेवलेली नाही. पहाटेच्या प्रवेशात ही दोघं वेळ थांबवायचा प्रयत्न करतात खरा. ती म्हणते, तो पहाटे गाणारा चंडोल नाही, रात्री गाणारा नाइटिंगेल आहे, अजून रात्र आहे. तो म्हणतो, चंडोलच, गेलो तर जगेन, थांबलो तर मरेन. तिनं हट्ट धरल्यावर म्हणतो, बरं, रात्र तर रात्र, येऊ दे मरण. आणि तत्क्षणी ती फिरते: जा, जा, चंडोलच आहे, कसा बेसूर ओरडतोय! तू नाइटिंगेलचा कोकीळ केलास. अरे, कोकीळ तर पहाटेच बोंबलतो, मग वाद कसला उरला? बुलबुलही दिवसाचाच. रातवा शोधला, पण त्याचं चक-चक ऐकून कुणाला प्रेम सुचेल? राहू दे नाइटिंगेलच. गाव व्हेरोना आहे, पक्षी तिथला असला म्हणून बिघडत नाही.

आता कबर. आपल्या कॉलेजच्या प्रयोगाला मी प्रॉम्प्टिंगला होतो, तू प्रकाशावर, वर टांगलेला. तुला खालचं ऐकू आलं नसेल. ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं नुसती निजलीय, हे रोमिओला ठाऊक नसतं. तो तिच्यावर वाकून म्हणतो, तुझ्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मरणाचा झेंडा इथवर पोचलेला नाही. म्हणजे खरं काय ते तो स्वतःच्या तोंडानं बोलतोय आणि त्यालाच कळत नाही. त्या वेळी पहिल्या रांगेतली एक बाई, मांडीवर पोर घेतलेली, हळूच म्हणाली, 'थांब रे जरा.' ओरडून नाही, शेजारच्या घरातल्या मुलाला म्हणावं तसं. मी पानावरचं बोट विसरलो. पुढची ओळ नटाला आठवली म्हणून निभावलं. त्या बाईला शेवट माहीत होता, निवेदन आपणच दिलं होतं की!

डेव्हिड गॅरिक या नटाला हे सोसलं नसावं. १७४८ साली त्यानं लंडनला बदल केला. विष घेतलेला रोमिओ मरायच्या आत ज्युलिएट जागी होते आणि दोघं बोलतात. पुढं जवळजवळ शंभर वर्षं लोकांनी ते टाळ्या देत पाहिलं. तुझ्याही मनात तसलं काही आहे, असं समासातल्या प्रश्नचिन्हावरून दिसतं. करू नकोस. दोघं बोलली की भावना मोकळी होते आणि त्या बाईचं 'थांब रे' फुकट जातं.

ती नुसती निजलीय हे रोमिओला कळवणारं पत्र पोचत नाही हा योगायोग तुला लंगडा वाटतो. पत्र नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, दारं बंद, कुणी हात लावायला तयार नाही. २०२० नंतर तरी हे लंगडं म्हणू नकोस.

असो. निवेदन, दाईच्या हाका, पाठदुखी, एवढं परत घालून मला पुन्हा पाठव. तालमीला पुढच्या शनिवारी येतो, मुक्काम तुझ्याकडेच. दोरीची शिडी नवी करू नकोस, आमच्या ग्रुपच्या ट्रंकेत आहे, येताना आणतो. मधली एक पायरी सैल झाली आहे, पण तिच्यावर चढायचं कुणालाच नाही, नुसती टाकायची आहे.

तुझा,
दिन्या