पैसे नकोत, गुरुवारी संध्याकाळी खोलीची किल्ली द्या

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार, वि. वि.

मंत्रिमहोदय, मी बेवडा आहे. नऊ वर्षं थेंबाला शिवलेलो नाही, तरी ओळख अशीच करून देतो. आमच्या मीटिंगची तशी रीत आहे. तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. हे पत्र माझं एकट्याचं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, बाहेरच्या कुठल्याच विषयावर मत मांडत नाही. म्हणून मागणी मी करतोय, आणि तीही बिननावाची.

१९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो. बावीस वर्षांत मी तो काढला नाही, कुणी मागितलाही नाही. दारू कधी शोधावी लागली नाही. मीटिंग शोधावी लागली, तीसुद्धा बायकोनं शोधली. दवाखान्यातून तिसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता दारू सोडा." कुठं जाऊन, कुणाच्या आधारानं, हे कागदावर काही नव्हतं. जिन्याखालच्या भिंतीवर एक फाटकी चिठ्ठी होती, तिच्यावरचा नंबर हिनं तळहातावर लिहून आणला. शेवटचा आकडा पुसट होता. चार चुकीचे फोन झाले, पाचवा लागला.

मीटिंग जिल्ह्याच्या गावी, ४६ किलोमीटरवर. सात ते साडेआठ. आमची शेवटची एस.टी. सव्वाआठला. नव्या माणसाला बोलायला सांगतात ते शेवटी शेवटी, आणि मी नेमका तेव्हाच चपला शोधत असायचो. एकदा थांबलो, बोललो, आणि रात्र स्टँडवर काढली. समोरच्या परमिट रूमच्या पाटीचा लाल उजेड पहाटेपर्यंत माझ्या बाकड्यावर पडत होता. मी ती रात्र काढली. माझ्याबरोबर त्याच महिन्यात आलेला एक गवंडी होता, त्याला असली एक रात्र निभली नाही.

आमचं नेमकं काय चालतं, ते सांगतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. आजही तेच चालतं. आठदहा माणसं, चहा. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मधे कुणी उपदेश करत नाही. फी नाही, आधार कार्ड नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. शेवटी डबा फिरतो, त्यातून भाडं आणि चहा भागतो. बाहेरच्या कुणाची देणगी आम्ही घेत नाही, सरकारचीही नाही. तेव्हा साहेब, कृपा करून आमच्यासाठी योजना काढू नका.

हवी आहे ती खोली. आमच्या तालुक्यात ग्रुप सुरू झाला त्याला सहा वर्षं झाली, आणि आतापर्यंत तीन जागा बदलल्या. एका शाळेत दोन वर्षं बसलो, नवे मुख्याध्यापक आले, म्हणाले, "दारुडे मुलांच्या वर्गात नकोत." बोलणं कडू होतं, पण माझ्याही मुलाच्या शाळेत मी कसा गेलो होतो ते आठवून गप्प बसलो. मे २०२०मध्ये दारूची दुकानं उघडली, रांगा लागल्या. आमच्या खोलीचं कुलूप त्यानंतर कितीतरी महिने तसंच होतं. तेव्हा मीटिंग मोबाइलवर झाल्या. पण दोन खोल्यांच्या घरात, सासू भाजी निवडत बसलेली असताना, माणूस आपली लाज कशी उघडी करणार?

जागा बदलली की काय होतं, ते बाहेरून दिसत नाही. एखादा सहा महिने मनाशी झगडून पत्ता शोधत येतो, दाराला कुलूप बघतो आणि तसाच गुत्त्याच्या वाटेला लागतो. तो पुन्हा येत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळा, समाजमंदिरं, ग्रामीण रुग्णालयाची बाहेरची खोली, बहुतेक संध्याकाळी बंदच असतात. एक जीआर काढा: आठवड्यातून एकदा, दीड तास, रीतसर भाडं घेऊन खोली द्यावी, आणि अधिकारी बदलला म्हणून ती काढून घेऊ नये. भाडं आम्ही भरू, झाडूही आम्हीच मारू. नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बायकांसाठी अल-अनॉन आहे, त्यांना शेजारची खोली मिळाली तर दोघं एकाच एस.टी.नं येतील. नऊ वर्षांत आमच्यात स्वतः पिणाऱ्या दोनच बाया आल्या, दोघीही दुसऱ्यांदा आल्या नाहीत. त्यांना वेगळी वेळ लागेल, दुपारची.

दुसरं, दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापा: वार, वेळ, जागा. मीटिंग म्हणजे औषध नव्हे. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. तिथं आधी डॉक्टरच हवा. पण डॉक्टरांकडून पुढं कुठं, ते कळायला हवं. एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला, त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. तो अहवाल केंद्रातल्या आपल्याच खात्यासाठी केलेला आहे.

हजेरीचं रजिस्टर मात्र मागू नका. २ ऑक्टोबरला शपथ घेताना फोटो निघतात तसे आमचे निघाले, तर पुढच्या गुरुवारी खोली रिकामी असेल.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आमची मीटिंग खुली असते, कुणीही येऊन बसावं. आपणही या. गाडी आणि बंदोबस्त चौकात सोडून चालत या. चहा साडेसहाला टाकतो.

आपला,
एक मद्यपी