लेहला पोचल्यावर दोन दिवस थांबू द्या: पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: लडाखच्या ग्रुप टूरमध्ये पहिले 48 तास विश्रांतीचे ठेवणं बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची. बरीच वर्षं वेगवेगळ्या सहल कंपन्यांसाठी टूर मॅनेजर म्हणून लडाखला माणसं घेऊन जात होते. आता ते काम थांबवलं आहे, पण दर उन्हाळ्यात ओळखीचे लोक लडाखच्या सहलीचं पत्रक मला दाखवायला आणतात आणि ते वाचताना माझा जीव खालीवर होतो. म्हणून हे पत्र.

पत्रक बहुतेक वेळा असं असतं. पहिला दिवस: सकाळी लेहला आगमन, दुपारी शांती स्तूप आणि लेह पॅलेस. दुसरा दिवस: खारदुंग ला खिंड ओलांडून नुब्रा खोरं. तिसरा दिवस: नुब्राहून पँगाँग, तळ्याकाठी तंबूत मुक्काम. चौथा दिवस: चांग ला ओलांडून लेहला परत, वाटेत थिकसे आणि हेमिस हे बौद्ध मठ. पाचव्या दिवशी विमान. जेवणात पुरणपोळी कधी आहे हे त्यात सांगितलेलं असतं. कुठल्या रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहोत, हे मात्र कुठेच छापलेलं नसतं.

लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे लेह त्याच्या दुपटीहून उंच. रात्री मुंबईतून निघालेला माणूस सकाळी तिथे उतरतो, तेव्हा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तेवढाच कमी झालेला असतो. खारदुंग ला आणि चांग ला या दोन्ही खिंडी 5,300 मीटरच्या वर आहेत, तिथे तो निम्म्यावर येतो. शरीर या बदलाशी जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. वय कमी असलं, व्यायामाची सवय असली, तरी हा वेळ वाचत नाही. भारतीय सैन्याला हे पक्कं ठाऊक आहे. विशीतल्या धडधाकट जवानालासुद्धा 9,000 ते 12,000 फुटांच्या टप्प्यात आधी 6 दिवस काढावे लागतात आणि त्यापुढच्या 15,000 फुटांपर्यंतच्या टप्प्यात आणखी 4. पँगाँगचा काठ 14,000 फुटांच्या, म्हणजे 4,200 मीटरच्या आसपास आहे. तिथे आपण पासष्टीच्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाला तिसऱ्या रात्री झोपवतो.

लडाख प्रशासन पर्यटकांना लेहमध्ये पहिले 48 तास विश्रांती घ्यायला सांगतं. पण तो सल्ला आहे. पत्रक पुण्यात किंवा नागपुरात छापलं जातं, पैसे इथे भरले जातात आणि तिसऱ्या रात्रीचा पँगाँग इथेच ठरून गेलेला असतो. लेहच्या विमानतळावर तो सल्ला कानावर पडतो, तेव्हा हॉटेलं आणि गाड्या सगळं आरक्षित झालेलं असतं.

एका रात्रीबद्दल सांगते. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. पँगाँगच्या काठावरचा कँप, जनरेटर बंद झालेला, बाहेर बोचरा वारा. साठी ओलांडलेले एक गृहस्थ संध्याकाळपासून खोकत होते. विचारलं तर म्हणाले, ‘थंडी बाधली असेल, आलं घालून चहा द्या.’ रात्री त्यांच्या पत्नीने मला उठवलं. ते आडवे पडू शकत नव्हते, पडले की श्वास कोंडायचा. टॉर्चच्या उजेडात बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 62. नखं निळसर झालेली. छातीला कान लावला तर आत घरघर ऐकू येत होती. कँपमध्ये प्राणवायूचा एकच छोटा सिलिंडर होता आणि तोही अर्धा वापरलेला.

फुप्फुसात असं पाणी साचायला लागलं की खरा उपाय एकच, खाली उतरायचं. पण पँगाँगहून लेहकडे उतरायचं तर आधी चांग ला चढावा लागतो. ज्याला 4,200 मीटरवर श्वास मिळत नाही, त्याला 5,300 वर नेऊन मगच खाली आणता येतं. दुसरी वाट श्योक नदीच्या काठाने नुब्राकडे उतरते, पण उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी वाढलं की तिचा भरवसा राहत नाही. आम्ही मध्यरात्री चांग लाच्या अलीकडच्या तांगत्से गावातल्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला, इंजेक्शनं दिली, आणि सकाळी सिलिंडर सोबत देऊन लेहच्या रुग्णालयात पाठवलं. ते वाचले. तांगत्सेच्या त्या डॉक्टरांचे आणि रात्री न कुरकुरता गाडी काढणाऱ्या लडाखी ड्रायव्हरचे उपकार आहेत. सहलीचा कार्यक्रम आखणाऱ्याने मात्र त्यांना वाचवायची कुठलीच सोय केलेली नव्हती.

त्यांनी संध्याकाळीच का सांगितलं नाही, असं आपल्या मनात येईल. ग्रुप टूरमध्ये माणसं सांगत नाहीत. पस्तीस जणांच्या गटात आपल्यामुळे इतरांचं पँगाँग हुकेल, याचा संकोच फार मोठा असतो. डोकं फुटायला आलेलं असतं, उलटी होऊन गेलेली असते, तरी बाई सकाळी लिपस्टिक लावून गाडीत बसते. मुलांनी पैसे भरून पाठवलेलं असतं, त्यांना कळलं तर घाबरतील म्हणून फोनवरही बोलत नाहीत. एकट्याने किंवा कुटुंबाने फिरणारा माणूस ‘आज नको, उद्या जाऊ’ म्हणू शकतो. ग्रुपमधल्या माणसाला ती मुभाच नसते. म्हणून विश्रांती ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, ती कार्यक्रमातच असायला हवी.

यात्रेच्या बाबतीत सरकारने हे कधीच मान्य केलं आहे. अमरनाथची गुहा 3,888 मीटरवर आहे. तिथे आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नोंदणी होत नाही आणि 13 वर्षांखालच्या व 70 वर्षांवरच्या व्यक्तींना परवानगी मिळत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या कैलास-मानसरोवर यात्रेत दिल्लीला वैद्यकीय तपासणी होते आणि वर चढताना वाटेत पुन्हा होते, त्यात नापास झालेल्याला परत पाठवतात. पँगाँग अमरनाथपेक्षा उंच आहे. तिथे जाणाऱ्याला बुकिंगच्या अर्जात दम्याबद्दलही कुणी विचारत नाही.

ही घाई गोम्पांमध्येही, म्हणजे लडाखमधल्या बौद्ध मठांमध्येही, तेवढीच भोवते, आणि त्याबद्दल बोलणारं तर कुणीच नाही.

आल्चीचं उदाहरण घ्या. सिंधूच्या काठी, जर्दाळूच्या झाडांमध्ये असलेली ही मंदिरं बाहेरून साधी माती-लाकडाची दिसतात. आतली भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षांची आहेत. सुमत्सेक नावाच्या तीन मजली मंदिरात अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री या बोधिसत्त्वांच्या उंच मूर्ती भिंतींतल्या कोनाड्यांत उभ्या आहेत, त्यांचे चेहरे वरच्या मजल्याच्या उंचीवर पोचतात. अवलोकितेश्वराच्या धोतरावर त्या काळच्या काश्मिरातली देवळं आणि राजवाडे रंगवले आहेत. मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धाचं चरित्र आहे आणि मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी सिद्ध. आत उजेड अगदी थोडा. अंधाराला डोळे सरावायलाच पाच मिनिटं लागतात, मग एकेक आकृती दिसू लागते. आणि आमच्या गटांना तिथे मिळतात वीस मिनिटं, चपला काढण्या-घालण्यासकट. फोटो काढायला मनाई आहे. पण डोळे सरावेपर्यंत थांबायला वेळ नसतो, त्यामुळे मोबाइलचे टॉर्च भिंतींवर फिरतात, पाठीवरच्या पिशव्या रंगांना घासतात. तेवढ्याशा जागेत चाळीस माणसांचा श्वास कोंडतो आणि त्याची दमट वाफ त्या मातीच्या गिलाव्यावर बसते. दाराशी बसलेले लामा हात जोडून ‘हळू, हळू’ म्हणत राहतात.

थिकसेला पहाटेची पूजा असते. भिक्खू रांगेत बसून पठण करत असतात, छोटे भिक्खू किटलीतून लोणी-मिठाचा चहा वाढत फिरतात. कुणीही मागे भिंतीशी शांत बसून ऐकू शकतं, तिथे मज्जाव नाही. आमचा गट मधूनच येतो, रांगांमधून जातो, भिक्खूंच्या तोंडासमोर मोबाइल धरतो आणि पठण चालू असतानाच ‘नाश्त्याला उशीर होतोय’ म्हणून उठतो. ही माणसं उद्धट नसतात. आपल्या गावच्या देवळात कसं वागायचं ते त्यांना नीट कळतं. इथे कसं वागायचं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. स्तूप आणि माणीच्या, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या, भिंती उजव्या हाताला ठेवून चालायचं, टोपी काढायची, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, अंथरलेल्या पोथ्यांवरून ओलांडायचं नाही. लेहमधल्या विश्रांतीच्या दिवशी हॉटेलात तासभर बसून हे सांगता येतं. पण तो दिवसच कार्यक्रमात नसतो.

विदर्भ-मराठवाड्यातून बौद्ध कुटुंबं या सहलींना येतात, त्यांचा विचार तर व्हायलाच हवा. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणारी ही माणसं. थिकसेच्या दोन मजली उंच मैत्रेयासमोर उभं राहणं हे त्यांच्यासाठी स्थलदर्शन नसतं. तिथे एक आजी जमिनीवर बसून, डोळे मिटून त्रिशरण-पंचशील म्हणत होत्या. खाली गाड्यांचे हॉर्न वाजू लागले आणि सहलीचा मदतनीस येऊन त्यांचा दंड धरून ‘आजी, चला, हेमिस राहील’ म्हणाला. त्या अर्ध्यात उठल्या. आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून त्या तिथवर आल्या होत्या.

आता मागणीकडे येते. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं आणि सह्याद्रीत ट्रेक, रॅपलिंग घेणाऱ्यांना नोंदणी व सुरक्षेच्या अटी घातल्या. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या, पण महाराष्ट्राबाहेर 5,300 मीटरपर्यंत नेणाऱ्या सहलींनाही तशाच अटी लागू कराव्यात. लडाखमध्ये काय चालावं हे आपण ठरवू शकत नाही, हे मला कळतं. पण विक्री इथे होते, जाहिरात इथे छापली जाते, तेव्हा सहल कशी विकावी हे नक्कीच ठरवता येईल.

विमानाने लेहला नेणाऱ्या कुठल्याही ग्रुप टूरमध्ये पहिल्या दोन रात्री लेहच्या उंचीवर किंवा त्याखाली असाव्यात आणि त्या 48 तासांत एकही उंच खिंड ओलांडू नये, ही मुख्य अट. पत्रकात प्रत्येक मुक्कामासमोर उंची मीटरमध्ये छापावी. हृदय, फुप्फुसं, रक्तदाब यांची माहिती बुकिंगच्या वेळीच घ्यावी आणि ठरावीक वयापुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागावं. पँगाँगला मुक्काम असेल तर प्रत्येक गाडीत भरलेला सिलिंडर असावा आणि गटासोबत एक गाडी अशी असावी की जी रात्री कुणाला घेऊन निघू शकेल. सोबत जाणाऱ्या टूर मॅनेजरला उंचीच्या आजाराची लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण हवं आणि कार्यक्रम बदलायचा अधिकारही हवा. आज तो फोन करून ऑफिसची परवानगी मागतो, आणि पँगाँगला फोन लागेलच असं नसतं.

दोन दिवस वाया जातात, ही कंपन्यांची तक्रार मला पाठ आहे. ते वाया घालवायची गरज नाही. विमानतळावरून थेट खाली शाम खोऱ्यात जा. तिथलं आल्ची लेहपेक्षा सुमारे 400 मीटरने खाली आहे. पहिल्या दोन रात्री तिथे काढल्या तर शरीर सावरतं आणि सुमत्सेकमध्ये एक अख्खी सकाळ मिळते. किंवा श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्याने या, म्हणजे उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि लामायुरूचा मठ वाटेतच पाहून होतो. मनालीहून येणारा रस्ता मात्र नको, त्यात सरचूचा मुक्काम पँगाँगइतक्याच उंचीवर पडतो.

काही कंपन्या आजही प्रामाणिकपणे दोन दिवस थांबतात. त्यांची सहल एक-दोन रात्रींनी लांबते, महाग दिसते, आणि शेजारच्या पत्रकातली पाच दिवसांची सहल आधी भरते. नियम सगळ्यांना सारखा असेल तरच त्यांचा टिकाव लागेल.

गटांनी गोम्पात एका वेळी किती जणांनी जावं, कुठल्या वेळी जावं, हे ठरवायचा अधिकार तिथल्या भिक्खूंचा आहे. आपल्या विभागाने लडाख प्रशासनाशी आणि गोम्पांच्या व्यवस्थापनाशी बोलून त्यांच्या अपेक्षा मराठीत छापून घ्याव्यात आणि प्रत्येक बुकिंगसोबत त्या द्यायला लावाव्यात. हे काम महिन्याभरात होण्यासारखं आहे.

उन्हाळ्याच्या सहलींचं बुकिंग दिवाळीनंतर जोर धरतं आणि पत्रकं त्याआधीच छापखान्यात जातात. आदेश काढायचा तर तो नवरात्रापूर्वी निघावा, नाहीतर आणखी एक हंगाम याच कार्यक्रमांवर जाईल. आपण सहल कंपन्यांची बैठक बोलावलीत तर त्यात एखादा उंचीच्या आजारांचा जाणकार डॉक्टर आणि प्रत्यक्ष गटांबरोबर जाणारे टूर मॅनेजरही असावेत. मी यायला तयार आहे. जमवलेली पत्रकं सोबत आणीन, प्रत्येक मुक्कामासमोर पेनाने उंची लिहून.

आपली,
एक माजी टूर मॅनेजर, पुणे