भुयारी स्थानकात दुसरी लिफ्ट हवीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भुयारी स्थानकाच्या नकाशावर लिफ्टची एक खूण दिसली की सुगमतेचे काम झाले असे मानले जाते. आमची तक्रार या समजुतीबद्दल आहे.

रस्त्यावरून थेट फलाटावर नेणारी लिफ्ट क्वचितच असते, कारण मध्ये तिकिटाचे गेट लागते. म्हणून एक लिफ्ट रस्त्यापासून तिकीट हॉलपर्यंत आणि दुसरी तिथून फलाटापर्यंत. उतरायच्या स्थानकात हेच उलट क्रमाने. म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसाच्या एका साध्या प्रवासात चार लिफ्ट आल्या, आणि चारही चालू असल्या तरच तो प्रवास होतो. प्रत्येक लिफ्ट 100 पैकी 98 तास चालते असे धरा. ऐकायला हे उत्तम वाटते, पण चारही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण 92 टक्क्यांवर येते. शंभरातले आठ प्रवास अडले! प्रत्येक टप्प्यावर दोन लिफ्ट दिल्या, तर हेच प्रमाण हजारात जेमतेम दोन प्रवासांवर उतरते.

मात्र हा हिशेब खरा ठरायचा तर त्या दोन लिफ्ट खऱ्या अर्थाने वेगळ्या हव्यात. दोघींना एकाच पॅनेलवरून वीज, दोघींखाली पाणी साचणारा एकच खड्डा आणि दोघींची सर्व्हिसिंग एकाच दिवशी, अशी व्यवस्था असेल तर दुसरी लिफ्ट असून नसल्यासारखी.

लिफ्ट बंद पडते तेव्हा मोटर किंवा दोरापेक्षा दोष बहुतेकदा दरवाजात असतो. उंबऱ्याच्या खोबणीत बोटाच्या पेराएवढा खडा अडकतो, दार पुरते मिटत नाही, कुलपाचा संपर्क जुळत नाही आणि सुरक्षेसाठी लिफ्ट जागची हलत नाही. रस्त्यावर उघडणाऱ्या लिफ्टमध्ये चपलांबरोबर वाळू येतेच. रोज सकाळी ब्रशने खोबणी साफ करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते झाडलोटीच्या कंत्राटात लिहिलेले नसेल, तर ते कोणीच करत नाही.

आखणीच्या वेळीच ठरवायची गोष्ट म्हणजे फलाटाची मांडणी. दोन रुळांच्या मध्ये एकच फलाट असेल तर त्याच लिफ्ट दोन्ही दिशांना उपयोगी पडतात. रुळांच्या दोन बाजूंना दोन फलाट असतील तर फलाटापर्यंतच्या लिफ्टची संख्या दुप्पट होते, आणि काटछाट नेमकी तिथेच केली जाते.

रस्त्यावरच्या प्रवेशाचेही असेच. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून उंबरा उंच ठेवतात, ते योग्यच आहे. पण 600 मिलिमीटर उंचीसाठी 1:12 चा उतार, म्हणजे एक मीटर चढाला बारा मीटर लांबी, 7.2 मीटर लांब होतो. वर आणि खाली व्हीलचेअर वळवायला दीड-दीड मीटर सपाट जागा धरली की झाले 10.2 मीटर. एवढी जागा पदपथावर आधी राखली नाही तर पुढे उतार चढा करून वेळ मारून नेली जाते, आणि त्यावर व्हीलचेअर मागे घसरते.

दृष्टिहीनांसाठीच्या उठावाच्या फरशांचा अर्थ सोपा आहे: लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. 1967 मध्ये जपानमधील ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. इतक्या वर्षांनंतरही त्यांच्यावर जाहिरातीचा फलक उभा केलेला दिसतो, किंवा पट्टी फक्त जिन्याकडे जाते आणि लिफ्टकडे वळतच नाही. लिफ्टपाशीही पट्टी दाराच्या मध्यावर न नेता बटणापाशी न्यावी, म्हणजे हात थेट बटणावर जातो आणि बाहेर पडणाऱ्यांची वाटही मोकळी राहते.

शेवटची अडचण डबा आणि फलाट यांमधली फट. डबा सरळ असतो, त्यामुळे वळणावरच्या फलाटावर काही दारांसमोर फट वाढतेच. चाके झिजली की डब्याची जमीनही थोडी खाली येते. व्हीलचेअरची पुढची छोटी चाके आडवी वळून त्या फटीत अडकतात. ज्या दारासमोर फट सर्वांत कमी, त्याच्यासमोर फलाटावर खूण करावी आणि फलाटावरची लिफ्ट शक्यतो त्याच्या जवळ असावी.

बंद लिफ्टची पाटी आज लिफ्टच्या दारावर लावतात, म्हणजे माणूस तिथवर पोहोचल्यावरच त्याला कळते. ही सूचना रस्त्यावरच्या प्रवेशापाशी आणि तिकिटाच्या गेटाआधी हवी, त्यातही उतरायच्या स्थानकातल्या लिफ्टची स्थिती तिथेच कळायला हवी. गाडीतही आधीच्या स्थानकापूर्वी घोषणा व्हावी, म्हणजे चालू लिफ्ट असलेल्या स्थानकात उतरता येईल.

आपले,
भुयारी स्थानकांच्या आखणी व देखभालीच्या कामातील काही वाचक