चि. सायलीस

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू समुपदेशक होण्यासाठी राजीनामा देण्याचं सांगितलंस आणि मी 'बरं' म्हणून फोन बाबांकडे दिला. 'वेड लागलंय का हिला' हे तुला ऐकू गेलंच असणार. अण्णाकाकांच्या सख्ख्या भावाच्या तोंडी हा शब्द, काय बोलायचं! मनावर घेऊ नकोस. फोनवर मला मधेच रडू येतं आणि बोलायचं ते राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

पैशांचं विचारत नाही. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता तुम्ही दोघं बघालच. मला काळजी एकच. तुला झोप लागेल का? शेजारी कुमुदमावशीकडे भांडण झालं तरी तू रात्रभर कूस बदलायचीस. आता रोज चार-पाच माणसं समोर बसून पोटातलं सगळं तुझ्यापाशी रितं करणार.

तू म्हणालीस, समुपदेशकालाही सुपरव्हिजन असतं, आपलं मोकळं करायला जागा असते. ती सोडू नकोस, पैसे वाचवायला म्हणून तर मुळीच नको. आणि चार महिन्यांचा कोर्स करून दारावर पाटी लावणाऱ्यांतली होऊ नकोस. एम.ए.ची दोन वर्षं नीट कर. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय. झालं, सुरू झाले मी! इतकी वर्षं कंपनीत अख्खी टीम सांभाळलेल्या बाईला शिकवतेय. राग मानू नकोस.

तू दुसरीत होतीस. अण्णाकाकांना भेटायला मनोरुग्णालयात निघालो, तर तू हट्टाने आलीस. आम्ही मोठी माणसं त्यांच्यापुढे 'मी कोण, ओळखलंत का?' करत सुटलो. ते भिंतीकडे बघत बसलेले. तू शेजारी बसून पुडीतल्या शेंगा सोलायला लागलीस, एक त्यांच्या हातात, एक स्वतःच्या तोंडात. अर्धी पुडी संपल्यावर ते म्हणाले, "ही खवट आहे." कित्येक महिन्यांनी बोलले ते. परतताना एसटीत आक्का एवढंच म्हणाल्या, "बाहेर कुठे बोलू नका हं." मंगलचं जमवायचं चाललं होतं ना.

आणि त्या रात्री तू झोपली नाहीस. बघ, परत तिथेच आले.

परवा आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या आणायला गेले होते. भिंतीवर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, कागद लावलाय, १४४१६, दिवसरात्र, फुकट. रांगेतली एक बाई लेकराचा फोटो काढल्यासारखं करून त्या नंबरचा फोटो काढत होती. आक्कांच्या वेळी असा नंबर असता तरी त्यांनी काही फोन केला नसता. मी केला असता, त्यांना न सांगता. त्या बाईला मी आपणहून म्हटलं, "माझी मुलगी यातलंच शिकतेय." अजून तुझ्या ॲडमिशनचा पत्ता नाही!

माझी एफडी मार्चमध्ये सुटते. फी कधी भरायची ते कळव. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. कालपासून तेही मोबाइलवर तुझ्या कोर्सची माहिती शोधतायत आणि मी खोलीत आले की क्रिकेट लावतात.

तुझी
आई

ता. क. झोपेचं खरं काय ते लिही. नुसतं 'मस्त' लिहिलंस तर पुण्याला येऊन राहीन.