वजनकाट्यापेक्षा कंबर पाहा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत स्कायडायव्हिंगवर, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन मारायच्या उडीवर, जो लेख आला, त्यात 'वजन जितकं जास्त, तितका माणूस वेगाने खाली येतो' असं विधान आहे. ते अर्धंच खरं आहे. ते वाचून उडी मारायची इच्छा असलेली मुलं-मुली जेवण तोडतील आणि ज्यांची खरी तयारी करायची ते खांदे, कंबर नि मांड्या तशाच आखडलेल्या राहतील. म्हणून हे सविस्तर पत्र.

'जड माणूस बेगीन पडस ना?' (लवकर पडतो ना?) या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे कोणत्याही जिनिंगच्या आवारात मिळेल. रुईसकट एक सरकी आणि रुई काढलेली एक सरकी गच्चीवरून एकदम सोडा. रुई असलेली सरकी वजनाने जास्त, तरी ती रेंगाळत येते. हलकी झालेली मोकळी सरकी टपकन खाली पोचते. पडण्याचा वेग ठरतो तो वजन आणि हवेला अडणारा पसारा यांच्या प्रमाणावर.

विमानातून बाहेर पडल्यावर साधारण १० ते १२ सेकंदांत हवेचा रेटा वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. पोटावर आडवं असताना हा वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो. तोच माणूस डोकं खाली करून सरळ झाला तर ताशी २४० च्या पुढे जातो. वजन एका ग्रॅमनेही न बदलता एवढा फरक पडतो! उलट पसारा तोच ठेवून सामानासकट वजन १० टक्के वाढवलं, तर वेग जेमतेम ५ टक्के वाढतो, कारण हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

आता अंगकाठी. उंच, सडपातळ, लांब हातापायांचा माणूस हळू पडतो. बुटका, भरलेल्या छातीचा, आखूड हातापायांचा वेगात जातो. पोट सुटलेल्या माणसाचा खालचा भाग गोलसर असतो, त्यामुळे हवा कडेने सहज निसटते. असा माणूस वेगाने पण स्थिर पडतो. सगळ्यात अडचण आखाड्यातल्या किंवा जिममधल्या कमावलेल्या शरीराची. स्नायू चरबीपेक्षा घट्ट, म्हणून त्याच आकारमानात वजन जास्त, आणि खांदे इतके बांधलेले की हात पुरते पसरून वेग कमी करणंही जमत नाही. तब्येत उत्तम, पण हवेत एकाच वेगाला अडकलेली.

लवचिकपणाचं महत्त्व इथेच आहे. अंगकाठी तुमचा मूळ वेग ठरवते, आणि त्या वेगापासून वर-खाली किती सरकता येईल हे सांधे ठरवतात. पोटावर पडताना कंबर पुढे, म्हणजे जमिनीकडे ढकलायची, छाती उघडायची, हनुवटी वर, गुडघे साधारण ४५ अंशांत वाकवायचे, दंड खांद्यांच्या रेषेत आणि कोपरं काटकोनात. या बाकात कंबर सगळ्यात खाली येते आणि शरीर बॅडमिंटनच्या फुलासारखं जड बाजू खाली ठेवून आपोआप स्थिर राहतं. बाक वाढवला की हवा कडेने निसटते आणि वेग वाढतो. बाक काढून पाठ कासवासारखी गोल केली, हातपाय लांब पसरले, की वेग कमी होतो. मोकळ्या कमरेचा हलका माणूस खोल बाक घेऊन जड साथीदाराला गाठू शकतो. ताठ पाठीच्या माणसाकडे हा पर्यायच नसतो.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. दिवसभर खुर्चीवर किंवा दुचाकीवर बसणाऱ्यांच्या मांडीच्या पुढचे स्नायू आखूड झालेले असतात. हवेत त्यांची कंबर पुढे जात नाही, मांड्या खाली लोंबतात, बाक मोडतो आणि शरीर डुचमळायला लागतं. खांदे आखडलेले असले तर हात नकळत खाली जातात, जणू जमिनीला धरायचंय. मग छाती उचलली जाते आणि माणूस पाठीवर उलटू शकतो. एकच खांदा किंवा एकच मांडी ताठ असेल तर दोन्ही बाजूंना हवा सारखी लागत नाही आणि शरीर गोल फिरू लागतं. टाचा पार्श्वभागाकडे ओढल्या तर माणूस मागे घसरतो, पाय सरळ ताणले तर पुढे. बरेचजण श्वास रोखतात. श्वास रोखला की सगळं अंग फळीसारखं होतं, म्हणून आधी श्वास सोडायला शिकवतात.

वेगाची एवढी चर्चा कशाला, असं वाटेल. ताशी १९० आणि ताशी २०० या वेगांतला फरक सेकंदाला पावणेतीन मीटरचा. ४० सेकंदांत दोघांमध्ये सुमारे ११० मीटर अंतर पडतं. शिकाऊ उडीत प्रशिक्षकाला विद्यार्थ्याच्या बरोबरीने पडावं लागतं. हवाई दलाच्या १९८७ साली उभ्या राहिलेल्या 'आकाशगंगा' चमूसारखे गट हवेत हात धरतात, तेव्हा प्रत्येकाची अंगकाठी वेगळी आणि पडण्याचा वेग एकच असावा लागतो.

उरलेला फरक कपड्याने भरून काढतात. वेगात पडणाऱ्याला ढगळ, जास्त हवा अडवणारा सूट, हळू पडणाऱ्याला अंगाबरोबर, गुळगुळीत. तेवढ्यानेही भागलं नाही तर शिशाच्या वजनांचा पट्टा. ६० किलोच्या मुलीचं सामानासकट ७१ किलो होत असेल, तर ४ किलो शिसं लावून वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास वाढतो. मात्र हेच ४ किलो पॅराशूट उघडल्यावरही अंगावर असतात आणि उतरण्याचा वेग वाढवतात. नवख्याने स्वतःच्या डोक्याने हे करू नये.

बहुतेक वाचकांची पहिली उडी टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून असेल. तिथे दोघांचं वजन आणि पसारा जवळजवळ एकाचाच, त्यामुळे वेग फार वाढला असता. म्हणून मागे ड्रोग नावाची छोटी छत्री सोडतात आणि वेग एकट्या माणसाइतका राखतात. वजनाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी ९० ते १०० किलोच्या आसपास, पण ती पट्टे, पॅराशूट आणि उतरण्यासाठी. त्या मर्यादेत असाल तर पडण्याच्या वेगासाठी उपास करण्याचं काहीही कारण नाही.

लवचिकपणा मात्र टँडममध्येही लागतोच. बाहेर पडताना डोकं मागे प्रशिक्षकाच्या खांद्यावर, कंबर पुढे, पाय मागे वळवून त्याच्या पायांमध्ये. सराव करून घेताना 'केळ्यासारखे व्हा' असंच सांगतात, केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या वाचकांना वेगळं चित्र काढून दाखवायला नको. उतरताना याच्या बरोबर उलट: दोन्ही गुडघे वर, पाय समोर ताणलेले, बोटं वर, म्हणजे प्रशिक्षकाचे पाय आधी टेकतील. पाय उचलले गेले नाहीत तर ते खाली अडकतात आणि घोटा मोडू शकतो.

तयारीला महिनाभर पुरेसा आहे. सूर्यनमस्कारातलं अश्वसंचालनासन दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट. इथे मांडीचा पुढचा भाग ताणला गेला पाहिजे, नुसतं वाकून उपयोग नाही. शलभासनात छाती आणि गुडघे उचलून, कोपरं आधी सांगितल्याप्रमाणे काटकोनात ठेवून थांबा. १५ सेकंदांपासून सुरुवात करून एक मिनिटापर्यंत जा, श्वास चालू ठेवून. मग खुर्चीच्या कडेवर बसून दोन्ही पाय जमिनीला समांतर उचला आणि १० सेकंद धरा. जमत नसेल तर हातांनी गुडघ्यांमागून पँट धरून उचलायची सवय करा, पट्ट्यांत असताना तेच करावं लागतं. मणक्याचा त्रास, खांदा निखळल्याचा इतिहास किंवा अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकापासून ते लपवू नका. हवेत हात पसरलेला असताना खांदा निखळला तर दोघांचाही तोल जातो.

पुरवणीत हा विषय पुन्हा घेणार असाल तर त्या केळ्याच्या बाकाचं आणि उतरताना वर घेतलेल्या पायांचं, अशी दोन रेखाचित्रं सोबत छापावीत, ही विनंती.

आपले,
एक स्कायडायव्हर व एक क्रीडाशिक्षक
जळगाव